‘फाशीवाला जज’ नेमका कोण होता?

‘ट्रू ग्रिट’ पाहिलाय? नसेल तर ‘लॉमेन : बॅस रीव्ह्ज’ ही 2023 ची मालिका तरी? वेस्टर्न सिनेमाचं वेड असणाऱ्यांना फोर्ट स्मिथ हे नाव ओळखीचं असेल. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्याच्या पश्चिम टोकाचं, नदीकाठचं हे गाव. सिनेमात दिसतं ते एवढंच : भर चौकात फाशीचा तक्ता, भोवती बघ्यांची गर्दी, आणि वर कुठेतरी पांढऱ्या दाढीचा, दगडासारख्या चेहऱ्याचा एक न्यायाधीश. 

तो न्यायाधीश खराखुरा होता. त्याचं नाव आयझॅक पार्कर. लोक त्याला ‘हँगिंग जज’ म्हणत, म्हणजे फाशीवाला जज. 21 वर्षांत त्याने 160 जणांना मृत्युदंड सुनावला आणि त्यातले 79 खरोखर फासावर गेले. आकडे ऐकून एक क्रूर, रक्ताला चटावलेला माणूस डोळ्यांसमोर येतो ना? मग पुढचं वाचा. कारण हा माणूस कष्टाळू होता, पैशाला शिवत नव्हता, आणि ज्या काळात मूळ अमेरिकी जमातींच्या बाजूने बोलायला फारसं कुणी तयार नव्हतं, त्या काळात त्यांच्या बाजूने बोलत होता. गोष्ट म्हणून तर विचार करायला लावणारी आहे.

शाळामास्तर ते खासदार

पार्करचा जन्म 15 ऑक्टोबर 1838 चा, ओहायो राज्यातल्या बेलमाँट काउंटीत, शेतावरचा. शेतीत त्याचं मन रमलं नाही. शाळेत शिकवायचं आणि त्या पैशांतून स्वतःचं पुढचं शिक्षण करायचं, असा त्याचा मार्ग. त्या काळी वकील व्हायला लॉ कॉलेजची पदवी लागायचीच असं नव्हतं. पुस्तकं वाचायची, एखाद्या वकिलाच्या हाताखाली काम करायचं आणि परीक्षा द्यायची. पार्करने तेच केलं आणि 1859 मध्ये, म्हणजे विशीच्या उंबरठ्यावर, तो वकील झाला.

ओहायोत वकिलांची कमतरता नव्हती. तेव्हा तो पश्चिमेकडे निघाला आणि मिझुरी नदीकाठच्या सेंट जोसेफ गावात मामाच्या वकिलीत दाखल झाला. त्या वेळी रेल्वे इथवरच येऊन थांबत होती. पुढे सगळा घोडागाडीचा मुलूख. घोडेस्वारांकरवी टपाल नेणारी प्रसिद्ध ‘पोनी एक्स्प्रेस’ 1860 मध्ये सुटली ती याच गावातून. अशा गावात भांडणं भरपूर, सौदे भरपूर, म्हणून वकिलाला कामही भरपूर.

एप्रिल 1861 मध्ये तो सेंट जोसेफ शहराचा सरकारी वकील म्हणून निवडून आला. त्याच महिन्यात अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं. मिझुरीमध्ये गुलामगिरीला कायद्याची मान्यता होती, पण राज्य फुटून निघालं नाही. शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखत होता. पार्कर डेमोक्रॅटिक पक्षाचा होता. युद्धात तो उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या बाजूने उभा राहिला आणि पक्ष सोडून रिपब्लिकनांकडे आला. 1864 मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतदारगणात त्याची निवड झाली आणि त्याने आपलं मत अब्राहम लिंकनला दिलं.

पुढची चढण भराभर झाली. सरकारी वकील, मग 1868 मध्ये राज्याच्या सर्किट कोर्टाचा न्यायाधीश, मग 1871 ते 1875 अशी चार वर्षं खासदार. संसदेत त्याने काय केलं? केंद्रशासित प्रदेशांतल्या स्त्रियांना मतदानाचा आणि पदावर येण्याचा हक्क मिळावा, यासाठी विधेयक मांडलं. हे 1870 च्या दशकात, बरं का. संपूर्ण अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क मिळायला 1920 उजाडावं लागलं. मूळ जमातींशी सरकारने न्यायाने वागावं, हा त्याचा दुसरा आवडता विषय. फाशीवाल्या जजच्या चित्रात हा खासदार कुठे बसतो, सांगा बघू?

कायदा नसलेला मुलूख

1874 पर्यंत मिझुरीचं राजकीय वारं फिरलं होतं. रिपब्लिकन माणसाला तिथे पुन्हा निवडून येणं अवघड. पार्करने राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्याकडे नेमणूक मागितली. ग्रँटनी आधी त्याला युटाचा सरन्यायाधीश करायचं ठरवलं होतं. पार्करने स्वतःहून दुसरी जागा मागितली : आर्कान्साच्या पश्चिम जिल्ह्याचं फेडरल कोर्ट, मुक्काम फोर्ट स्मिथ.

ही जागा मागणं म्हणजे निखाऱ्यावर पाय ठेवणं होतं. का, ते समजून घ्यायला थोडा भूगोल पाहू.

फोर्ट स्मिथच्या पश्चिमेला ‘इंडियन टेरिटरी’ सुरू व्हायची. आजचं ओक्लाहोमा राज्य ते. 1830 च्या दशकात अमेरिकी सरकारने चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांना त्यांच्या आग्नेयेकडच्या जमिनींवरून हुसकावलं आणि या मुलखात आणून सोडलं. वाटेत हजारो माणसं मेली. इथे आल्यावर या राष्ट्रांनी आपापली सरकारं, शाळा, पोलीस आणि न्यायालयं उभी केली. पण त्यांच्या न्यायालयांना अधिकार होता तो फक्त आपल्या माणसांच्या आपसातल्या खटल्यांचा. गुन्हेगार किंवा बळी यांपैकी कुणी एक जण बाहेरचा असला, की त्यांचे हात बांधलेले.

परिणाम काय झाला असेल, ओळखा. टेक्सास, कॅन्सस, मिझुरी, कुठेही खून-दरोडा करा आणि या मुलखात पळून जा. तिथले पोलीस तुम्हाला हात लावू शकत नाहीत. चोरटी व्हिस्की विका, जंगलातलं लाकूड तोडून न्या, घोडे पळवा. या सगळ्यावर अंमल एकाच कोर्टाचा, फोर्ट स्मिथच्या. साधारण 74,000 चौरस मैलांचा मुलूख, म्हणजे सुमारे 1,92,000 चौरस किलोमीटर, आणि न्यायाधीश एक! त्यात पार्करच्या आधीच्या न्यायाधीशाने भ्रष्टाचाराचे आरोप झाल्यावर राजीनामा दिलेला. कोर्टाची पत शून्यावर.

मे 1875 मध्ये पार्कर बायको मेरी आणि मुलांसह फोर्ट स्मिथला पोचला तेव्हा तो 36 वर्षांचा होता. पोचल्यावर आठवडाभरातच कोर्ट सुरू. त्या पहिल्या सत्रात खुनाच्या आरोपाखाली 18 जण उभे राहिले, 15 दोषी ठरले, आठांना मृत्युदंड झाला. एक जण पळताना मारला गेला, एकाची शिक्षा वय लहान म्हणून कमी झाली. उरलेल्या सहांना 3 सप्टेंबर 1875 रोजी एकाच वेळी, एकाच तक्त्यावर फाशी दिली गेली. पाहायला हजारो लोक जमले होते, बायकापोरांसह. लांबच्या शहरांतून वार्ताहर आले. दुसऱ्या दिवसापासून पार्करचं नाव देशभर झालं आणि ते विशेषण त्याला कायमचं चिकटलं.

आठवड्याचे सहा दिवस

आता विशेषण बाजूला ठेवून कामाकडे बघू. पार्करच्या कोर्टात 21 वर्षांत तेरा हजारांहून जास्त खटले चालले. त्यातले बहुतेक खुनाचे नव्हतेच. चोरटी दारू, लाकूडचोरी, घोडेचोरी, मारामाऱ्या हेच जास्त. आठवड्याचे सहा दिवस कोर्ट, सकाळपासून कित्येकदा अंधार पडेपर्यंत. मृत्युदंडाचे खटले हा या ढिगाचा अगदी छोटा भाग.

गुन्हेगारांना पकडून आणायचे डेप्युटी मार्शल. यांना पगार नसे. पकडलेल्या माणसामागे आणि कापलेल्या मैलामागे ठरलेली फी, बस. हातकड्या, वॉरंटं आणि स्वयंपाक्याला घेऊन ते गाडीने निघायचे आणि कित्येक आठवड्यांनी कैद्यांची रांग घेऊन परतायचे. सगळेच परतायचे असं नाही. पार्करच्या काळात साठहून अधिक डेप्युटी कामावर मारले गेले.

यातलाच एक बॅस रीव्ह्ज. गुलामगिरीत जन्मलेला कृष्णवर्णीय माणूस. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वॉरंट वाचून घ्यायचं, पाठ करायचं आणि मुलखात शिरायचं, ही त्याची पद्धत. मूळ जमातींच्या भाषा त्याला येत. त्याने आयुष्यात तीन हजारांवर माणसं पकडली, असं तो स्वतः सांगे. मोहिमेवर असताना त्याच्या बंदुकीची गोळी लागून त्याचा स्वयंपाकी मेला, तेव्हा रीव्ह्जवर खुनाचा आरोप आला. काही महिने तो तुरुंगात होता. 1887 मध्ये खटला चालला, तो पार्करच्याच कोर्टात. आपला सगळ्यात कामाचा अधिकारी म्हणून त्याला कुणी वाचवलं नाही. ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं, पण वकिलांच्या फीमध्ये त्याची जमवलेली पुंजी गेली.

कोर्टाच्या तळघरातला तुरुंग मात्र लाजिरवाणा होता. दोन मोठ्या, कोंदट खोल्या. त्यात खुनी, दारू विकणारा पोरगा आणि नुसता साक्षीदार म्हणून अडकवलेला माणूस, सगळे एकत्र कोंबलेले. तिथल्या हवेमुळे लोक त्याला सीमेवरचा नरक म्हणायचे. एका सिनेटरच्या मुलीने, ॲना डॉसने, तो पाहून त्यावर लेख लिहिला. सरकारला लाज वाटली आणि 1888 मध्ये नवा तुरुंग झाला.

मूळ जमातींच्या हक्कांबद्दल पार्कर नुसता बोलत नव्हता. डेव्हिड पेन नावाचा एक पुढारी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळ्या घेऊन इंडियन टेरिटरीतली जमीन बळकवायला पुनःपुन्हा घुसायचा. त्याचा खटला पार्करपुढे आला. 1881 मध्ये पार्करने निकाल दिला : ही जमीन वाटेल त्याने येऊन बसावं अशी नाही. पेनला हजार डॉलर दंड झाला. तो वसूल झाला नाही, कारण पेनच्या नावावर काही नव्हतंच. आणि 22 एप्रिल 1889 रोजी सरकारनेच त्या जमिनीचा मोठा भाग खुला केला. हजारो लोक घोडे दामटत आले आणि तंबू ठोकून बसले. संसदेने एका दिवसात जे केलं, ते एका जिल्हा न्यायाधीशाला रोखता येणार नव्हतं.

दोषी कोण ठरवत होतं?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. पार्कर फाशीवाला होता का?

त्याचं स्वतःचं म्हणणं होतं की नाही. फाशी कायदा देतो, मी नाही, अशी त्याची भूमिका होती. यात तथ्य आहे. त्या वेळच्या फेडरल कायद्यानुसार खून किंवा बलात्कार सिद्ध झाला, की मृत्युदंड सक्तीचा होता. न्यायाधीशाला कमी शिक्षा देण्याची मुभाच नव्हती. शिवाय दोषी की निर्दोष, हे 12 जणांची ज्युरी ठरवायची, तेही एकमताने. म्हणजे 160 मृत्युदंडांपैकी एकही पार्करने निवडलेला नव्हता.

पण थांबा. अमेरिकन खटल्यात एक टप्पा असतो. साक्षी-पुरावे झाले की ज्युरी विचाराला बसण्याआधी न्यायाधीश त्यांना कायदा समजावून सांगतो. शेतकरी, दुकानदार अशी ही साधी माणसं. स्वसंरक्षण कशाला म्हणायचं, शंकेचा फायदा कधी द्यायचा, हे त्यांना न्यायाधीशाकडूनच कळणार. पार्कर इथे तासन् तास बोलायचा. आणि बोलता बोलता नुसता कायदा सांगून थांबायचा नाही. आरोपी गुन्ह्यानंतर पळाला असेल, तर ते पापाचं लक्षण आहे, हे तो बायबलमधल्या वचनाचा आधार देऊन ठसवायचा. बळींच्या बाजूने त्याचं मन इतकं भरून यायचं, की ज्युरीला त्याचा कल सहज कळायचा. गुन्हेगाराला सुटू न देणं हेच त्याला आपलं कर्तव्य वाटत होतं.

आणि या भाषणाची तपासणी करणारं वर कुणीच नव्हतं. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण 1875 ते 1889 ही चौदा वर्षं पार्करच्या कोर्टात मृत्युदंड झालेल्या माणसाला अपिलाचा अधिकारच नव्हता. जायचं तर थेट राष्ट्राध्यक्षांकडे, दयेचा अर्ज घेऊन. पुष्कळांची शिक्षा त्या वाटेने कमी झालीही. पण दया वेगळी आणि न्याय वेगळा. खटला चुकला होता का, हा प्रश्न दयेच्या अर्जात कुणी तपासत नाही.

1889 मध्ये संसदेने कायदा केला आणि अशा माणसांना थेट सुप्रीम कोर्टात जायची वाट मिळाली. मग काय झालं? फोर्ट स्मिथहून गेलेल्या मृत्युदंडाच्या अपिलांपैकी जवळपास दोन तृतीयांश निकाल उलटले. ‘अल्बर्टी’ खटल्यात 1896 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की पळून जाणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. निर्दोष माणूसही घाबरून पळतो, अटकेच्या बदनामीला भिऊन पळतो. साधी गोष्ट आहे, पण ज्युरीला ती कुणी सांगितली नव्हती.

पार्कर चिडला. त्याच्या मते वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या न्यायमूर्तींना सीमेवरची परिस्थिती ठाऊक नव्हती, ते तांत्रिक खुसपटं काढून खुन्यांना सोडत होते. आणि त्याला पुरावा मिळावा तशी एक घटना घडली.

चेरोकी बिल या नावाने ओळखला जाणारा विशीच्या आतबाहेरचा एक दरोडेखोर खुनासाठी फाशीची वाट पाहत तुरुंगात होता. त्याचं अपील सुरू असल्यामुळे फाशी थांबलेली. 26 जुलै 1895 रोजी त्याने चोरून आत आणलेल्या पिस्तुलाने पहारेकरी लॉरेन्स कीटिंगला ठार केलं. पार्करने वर्तमानपत्रांतून उघड आरोप केला : या मरणाला सुप्रीम कोर्ट जबाबदार आहे. अपील नसतं, तर बिल केव्हाच फासावर गेला असता आणि कीटिंग घरी बायकोमुलांत असता.

युक्तिवाद बिनतोड वाटतो ना? पण त्याच दिवशीचा उरलेला प्रसंग ऐका. कोठडीतून गोळ्या झाडणाऱ्या बिलकडून पिस्तूल काढून कोण घेतं? हेन्री स्टार. तोही कैदी, तोही खुनाचा दोषी, त्यालाही पार्करने मृत्युदंड सुनावलेला. त्याच्या खटल्यात ज्युरीला दिलेल्या सूचना एकतर्फी होत्या, म्हणून 1894 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल उलटवला होता. स्टार बिलच्या कोठडीपाशी गेला, त्याच्याशी बोलला आणि शस्त्र घेऊन बाहेर आला. आणखी किती पहारेकरी मेले असते कोण जाणे. अपिलामुळे जिवंत असलेल्या एकाने पहारेकरी मारला आणि अपिलामुळेच जिवंत असलेल्या दुसऱ्याने इतरांना वाचवलं. एवढ्यावरून स्टार साधू ठरत नाही. शेवटी सदोष मनुष्यवधाची कबुली देऊन तो तुरुंगात गेला, पुढे सुटला, स्वतःच्या दरोड्यांवरच्या मूकपटात स्वतःच कामही केलं, आणि 1921 मध्ये बँक लुटताना गोळी लागून मेला. मुद्दा इतकाच, की कोण जगल्याने काय होईल, हे कुठल्याच न्यायाधीशाला आधी कळत नाही. त्याच्या हातात असतं ते फक्त खटला नीट चालवणं.

चेरोकी बिलला मार्च 1896 मध्ये फाशी झाली.

शेवट

त्याच वर्षी पार्करचं राज्य संपलं. इंडियन टेरिटरीत नवी कोर्टं उभी राहिली होती आणि 1 सप्टेंबर 1896 पासून फोर्ट स्मिथच्या कोर्टाचा त्या मुलखावरचा अधिकार कायद्याने रद्द झाला. पार्कर तेव्हा घरी अंथरुणाला खिळलेला होता. त्याच सुमारास एका महिला वार्ताहराने त्याची मुलाखत घेतली. त्यात या ‘फाशीवाल्या’ने सांगितलं, की मृत्युदंड रद्द व्हायला आपली हरकत नाही, फक्त गुन्ह्याला शिक्षा नक्की व्हायला हवी. त्याच्या मते गुन्हा थांबवते ती शिक्षेची खात्री, तिची कठोरता नव्हे. 17 नोव्हेंबर 1896 रोजी तो गेला. वय 58. त्याच्या कबरीवर क्रीक राष्ट्राचे पुढारी प्लेझंट पोर्टर यांनी रानफुलांचा हार वाहिला, असं सांगतात.

तो गेल्यावर तीनच आठवड्यांत, डिसेंबर 1896 मध्ये, सुप्रीम कोर्टाने ‘अ‍ॅलन’ खटल्यात निकाल दिला. हा फोर्ट स्मिथचा खटला आधी दोनदा उलटला होता. तिसऱ्यांदा मात्र पार्करच्या कोर्टाचं बरोबर ठरलं. एकमत न होणाऱ्या ज्युरीला एकमेकांचं नीट ऐकून घ्या असं सांगणं कायद्यात बसतं, असा तो निकाल. ज्युरी अडली की अमेरिकेत आजही ‘अ‍ॅलन चार्ज’चं नाव निघतं.

आज फोर्ट स्मिथला राष्ट्रीय स्मारक आहे. पार्करची कोर्टाची खोली पुन्हा उभी केली आहे, फाशीचा तक्ताही. पर्यटक तक्त्यापाशी फोटो काढतात. तुम्ही कधी गेलात, तर तक्त्याआधी कोर्टाच्या खोलीत जा. तिथल्या ज्युरीच्या 12 खुर्च्यांकडे बघा आणि हा प्रश्न घेऊन जरा थांबा : 1889 नंतर तपासलेल्या निकालांपैकी इतके चुकीचे निघाले, तर त्याआधीच्या चौदा वर्षांत, न्यायाधीश तोच, भाषणं तीच आणि तपासणारं कुणी नाही, तेव्हा चुकलेले किती असतील?

तो आकडा कुठल्याच कागदावर नाही. पार्कर लाचखोर असता, आळशी असता, तर दोष त्याच्यावर ढकलून आपण मोकळे झालो असतो. पण तो तसा नव्हता. पुढे तुम्ही वकील व्हाल, अधिकारी व्हाल, कदाचित न्यायाधीशही. आपण प्रामाणिक आहोत, राबतो आहोत, मग आपलं काम कुणी तपासायची काय गरज, असं ज्या दिवशी मनात येईल, त्या दिवशी या जजची आठवण काढा.